गाडीला किती कान हवेत?

मिनी-प्रोजेक्टचे दिवस आले की हॉस्टेलमधला एक तरी ग्रुप 'कार अलार्म' घेतोच. सर्किट सोपं, सामान स्वस्त आणि डेमोला सायरन वाजला की एक्झामिनर खूश! मग मार्क वाढावेत म्हणून पीआयआर टाका, अल्ट्रासॉनिक टाका, व्हायब्रेशन टाका... माझं म्हणणं एवढंच आहे, की 'या सेन्सरला किती कळतं?' हे विचारण्याआधी 'हा किती वेळा खोटं बोलतो?' हे विचारा.

माझं गाव शिरपूर जैन, जिल्हा वाशिम. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबून लोक येतात आणि त्यांच्या गाड्या उन्हात उभ्या असतात. अशी एक गाडी डोळ्यांसमोर आणा आणि एकेक सेन्सर तिच्यात बसवून बघा.

पहिला पीआयआर. माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या वस्तूंची उष्णता यांतला फरक तो ओळखतो. आपलं अंग साधारण ३७ अंशांचं. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडी ५० च्या पुढे सहज तापते, संध्याकाळी हळूहळू निवते. मध्ये अशी वेळ येतेच, जेव्हा सीट आणि माणूस सारखेच गरम असतात. तेव्हा हा गडी आंधळा! एसी लॅबमध्ये मात्र तो झकास चालतो.

दुसरा अल्ट्रासॉनिक. ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडून तो परत येणारा प्रतिध्वनी तपासतो. काचा घट्ट बंद असतील तर ठीक. पण उन्हाळ्यात लोक काच बोटभर खाली ठेवतात. वारा आत शिरला, आरशाला लटकवलेली माळ हलली, की सायरन सुरू. चोर राहिला बाजूला, माळ पकडली!

तिसरा स्प्रिंगवाला व्हायब्रेशन स्विच. शेजारून सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर गेला किंवा वरातीचा बँड वाजला, की तो दचकलाच. त्यापेक्षा पिएझो डिस्क बरी. धक्का जेवढा जोरात, तेवढं व्होल्टेज जास्त, म्हणून किती धक्क्याला ओरडायचं ते आपण ठरवू शकतो.

आणि कोणालाच न आवडणारा चौथा : दाराचा स्विच. दार उघडलं की आतला दिवा लावणारा साधा पुश-बटण स्विच बऱ्याच गाड्यांत आधीपासून असतो. ऊन, वारा, बँड, त्याला कशाचंच सोयरसुतक नाही. दार उघडलं तरच बोलतो. पण चोराने काच फोडून नुसती बॅग उचलली, तर मात्र तो गप्प बसतो.

म्हणून माझी निवड सांगते. दार आणि बॉनेटला स्विच, ते उघडले की थेट सायरन. काचेसाठी एक पिएझो, पण दहा सेकंदांत दोन जोरदार धक्के बसले तरच सायरन. तीस सेकंदांनी आपोआप बंद आणि पुन्हा पहाऱ्यावर. बस! आणखी एक हिशोब : आर्डुइनो उनो बोर्ड नुसता चालू ठेवला तरी अंदाजे ५० मिलिअँपिअर खातो. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी! चोरापासून वाचलेली गाडी धक्का मारून सुरू करायची का? कंट्रोलरला झोपवा, स्विचने उठवा.

कोणी म्हणेल, थोडं जास्त वाजलं तर काय बिघडलं? बिघडतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सायरन त्याच्या कितीतरी वर जातो. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. गावात आजही रात्री कोणी बोंब मारली तर लोक काठ्या घेऊन धावून येतात. सायरन चोराला पकडत नाही, तो फक्त माणसांना हाक मारतो. ती हाक तीनदा खोटी निघाली की चौथ्यांदा लोक कूस बदलून म्हणतात, "काहून बोंबलून राह्यली हे गाडी?" आणि झोपतात. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण बालवाडीत शिकलो, कॉन्व्हेंटमध्येसुद्धा!

तेव्हा सरांना विनंती, की डेमोला सायरन किती जोरात वाजला हे बघू नका. गाडी एक रात्र हॉस्टेलसमोर उभी करा. सकाळपर्यंत जिचा अलार्म एकदाही उगाच वाजला नाही आणि मुद्दाम दार उघडल्यावर लगेच वाजला, त्या ग्रुपला पूर्ण मार्क द्या. बघा पटतंय का!