झाकणांची रांग मोडू नका

बालवाडीत चार वर्षांचं पोरगं बाटल्यांची झाकणं ओळीनं लावत बसतं. लाल, लाल, निळं, लाल. अर्धा तास! मग बाई येणार, रांग विस्कटणार – असं नाय खेळायचं, गोलात ये. पोरगं किंचाळणार, की शिक्का तयार : येडं, हट्टी, मंद. आठवडाभरात आईला निरोप – उद्यापासनं पाठवू नका. आई चार घरची धुणीभांडी करते. पोर घरी म्हणजे चूल बंद.

खेळ कशाला म्हणायचं हे ठरवलं कुणी? भातुकली मांडली तर खेळ, आणि फिरतं चाक बघत बसलं तर रोग? स्वमग्न पोर रांग लावतं तेव्हा ते रंग, आकार, क्रम हातानं तपासतं. गोंगाटात स्वतःला सावरतं. ऐकलेलं वाक्य दहादा म्हणतं ती पोपटपंची नव्हे, कित्येक पोरं याच वाटेनं भाषेत शिरतात. डॅमियन मिल्टन हा स्वतः ऑटिस्टिक असलेला अभ्यासक. त्यानं २०१२ साली मांडलं की समजुतीचा घोळ दोन्हीकडून असतो. पोराला तुम्ही कळत नाही, तुम्हाला पोर कळत नाही. पण सुधारायचं एकट्या पोरानं! दोस्तहो, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. आधी बाजूला बसवायचं आणि मग म्हणायचं, याला मिसळता येत नाही.

पैसेवाल्यांकडे थेरपी आहे. तिथंही पुष्कळदा ठोकळा दाखव, नाव घे, बक्षीस घे. खेळाची घोकंपट्टी साली.

आणि कायदा? २००९ चा शिक्षणहक्क सहाव्या वर्षी सुरू. २०१६ चा अपंगहक्क कायदा ऑटिझम मानतो, पण मोफत शिक्षणाची हमी पुन्हा सहा ते अठरा. सहाच्या आतलं पोर कुणाच्या बापाचं? २०२३ मध्ये केंद्रानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती काढली. कागद बरा आहे. हात कुठायत? सेविकेला पगार नाही, मानधन. एका हातात खिचडीचा डाव, दुसऱ्यात पोषण ट्रॅकरचा मोबाइल. तिच्यावर खेकसण्यात मर्दुमकी नाही.

मागायचं ते वर मागा : आणखी एक मदतनीस. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथं पडद्याआड एक शांत कोपरा. बाईंनी रांग मोडण्याऐवजी शेजारी बसून आपलं एक झाकण जवळ ठेवावं. पोरानं घेतलं तर घेतलं. नाही तर उद्या परत ठेवावं.

आणि कट्ट्यावरच्या दोस्तांनो, ज्या आईला निरोप आलाय तिच्यासोबत चौघं जा. विचारा – नाव कुठल्या नियमानं काढलं? लेखी द्या.