कीर्दीचा भार

हिशेब ठेवणारांस कीर्द व खतावणी हीं दोन पुस्तकें परिचित आहेत. व्यवहार झाला कीं तो प्रथम कीर्दींत टिपावयाचा आणि मग सवडीनें खतावणींत ज्या त्या खात्यावर चढवावयाचा. संगणकही तबकडीवर फाइली ठेवतांना ह्याच रीतीनें चालतो. लिनक्समध्यें २००१ सालीं एक्स्ट-३ ही फाइल-व्यवस्था आली, ती अशी कीर्द घेऊनच आली. मध्येंच वीज गेली, तर संगणक पुन्हा सुरू होतांना कीर्द वाचतो, पूर्ण झालेल्या नोंदी जागेवर चढवितो व अर्धवट राहिलेल्या सोडून देतो.

परंतु एकच गोष्ट दोनदां लिहावयाची म्हणजे वेळ हा लागणारच. म्हणून ‘कीर्दच बंद करा, यंत्र धांवूं लागेल’ असा सल्ला कांहीं हौशी पालक आम्हांस देतात. माझ्या मतें तो घातक आहे. मी पूर्वीं ज्या शाळेंत होतों, तेथें तो मानला गेला. सहामाहीचे गुण चढवीत असतां वीज गेली, आणि आम्ही शिक्षक तीन दिवस उत्तरपत्रिका पुन्हा चाळीत बसलों.

खरी काटकसर निराळी आहे. कीर्दींत काय लिहावें व किती वेळां लिहावें, हें पाहावें. एक्स्ट-४ च्या ‘जर्नल’ ह्या तऱ्हेंत फाइलींतील मजकूरही कीर्दींत जातो. ‘ऑर्डर्ड’ ह्या नेहमींच्या तऱ्हेंत मजकूर आधीं थेट जागेवर जातो, मग केवळ त्याच्या ठावठिकाण्याची नोंद कीर्दींत होते. शाळेच्या कामास एवढें पुरे. (‘राइटबॅक’ म्हणून तिसरी तऱ्हा आहे, तींत आधीं काय व मागून काय ह्याचा धरबंध नाहीं. मी तिच्या वाटेस जात नाहीं.) फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहून ठेवणें ही तर उधळपट्टीच. २००९ पासून लिनक्सनें ती बरीच आवरली आहे. उरलीसुरली ‘नोअटाइम’ ह्या पर्यायानें थांबते. आणि जी आज्ञावली ओळीगणिक ‘एफसिंक’ म्हणून तत्काळ नोंदीचा हुकूम सोडते, तिला शंभर ओळींमागें एकच हुकूम सोडावयास लावावें. वेळ वांचतो तो मुख्यतः येथें.

२०२० सालच्या लिनक्स ५.१० मध्यें ‘फास्ट कमिट’ ही सोय आली. पूर्वीं नोंदींतील चार अक्षरें बदललीं तरी बहुधा ४०९६ बाइटांचा सबंध ठोकळा कीर्दींत उतरे. आतां पुष्कळदां बदल तेवढाच संक्षेपानें टिपतां येतो. मला ही खरी सुधारणा वाटते. कारकून काढून टाकला नाहीं, त्याचें लिहिणें आटोपशीर केलें.

आमच्या संगणक-खोलींत ‘नोअटाइम’ घातला आहे व गुण आतां तुकडीगणिक एकदम चढतात. कीर्द चालूच आहे. राहिलें तें यूपीएस. त्याचा अर्ज पालक-सभेपुढें आहे.