प्रमाणपत्रापेक्षा पुरं केलेलं काम दाखवा

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये थेट सिनेमा काढला नाही. आधी त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं, एवढीच छोटी फिल्म केली. ती दाखवून भांडवल उभं केलं. मग दादरला स्टुडिओ थाटला आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला.

डिजिटल मीडिया शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा क्रम ध्यानात ठेवावा. कोर्सची प्रमाणपत्रं ढीगभर मिळतात. सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत मात्र आम्ही आधी विचारतो, "काय बनवलंय, दाखव."

एका सेमिस्टरमध्ये चार छोटी कामं होतात: एक पोस्टर, दोन मिनिटांची ध्वनिमुलाखत, मराठी सबटायटल असलेली शॉर्टफिल्म आणि हे सगळं मांडणारं वेबपेज. इंकस्केप, ऑडॅसिटी, केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. लॅपटॉप नसेल तर कॉलेजची लॅब आहे, चौघांत एक फोन आहे.

विषय? शाहीर अमर शेखांचा आवाज ज्या लालबाग-परळमध्ये घुमला, तिथल्या गिरण्यांत आपलीही माणसं राबली. १९८२ चा संप पाहिलेले आजी-आजोबा आता थकलेत. त्यांच्या आठवणी आज रेकॉर्ड केल्या नाहीत, तर उद्या कुणाला विचारणार?

पडद्यावरचा मुसलमान बहुतेकदा ठरावीक साच्यातला असतो. घरात, बाजारात मराठी बोलणारा मुसलमान तिथे क्वचितच दिसतो. त्याबद्दल तक्रार जरूर करा, पण सेमिस्टर संपायच्या आत एक काम पुरं करा आणि आधी मोहल्ल्यातच दाखवा.