वर्तुळाचें गणित झाडाखालीं शिकवावें

मराठी शाळेंत आम्हीं वर्तुळाचें सूत्र तोंडपाठ केलें होतें. पुढें महसूल खात्यांत कारकुनी करितांना कित्येक पंचनाम्यांत झाडांचे घेर आमच्या हातानें लिहिले गेले. परंतु त्या घेराचा शाळेंतल्या सूत्राशीं कांहीं संबंध आहे, हें आमच्या ध्यानांत आलें तें वडिलांचा आंबा विकला गेल्यानंतर.

इमारती लाकडाचे व्यापारी बहुधा ओंडक्याच्या मधोमध घेर घेतात, त्याच्या चौथाईचा वर्ग करितात व लांबीनें गुणितात. ४४ इंच घेराचा, १२ फूट लांबीचा ओंडका या रीतीनें १०.०८ घनफूट भरतो. आतां शाळेंतली रीत लावा. घेर ४४, तर व्यास १४, त्रिज्या ७. तोंडाचें क्षेत्रफळ १५४ चौरस इंच. चौथाईच्या रीतीनें तें १२१ च धरलें जातें. खरें घनफळ सुमारें १२.८३ घनफूट, म्हणजे शेंकडा २१ हून अधिक भाग हिशेबाबाहेर राहिला. साल व कापणींतील तूट यांकरितां ही सूट धरितात, तींत कपट असतेंच असें नाहीं. परंतु दर ठरवितांना ती एकट्या व्यापाऱ्यास ठाऊक असते. आमच्या वडिलांस ठाऊक नव्हती, आणि पंचनामे लिहिणाऱ्या चिरंजीवांसही नव्हती!

यास्तव शिक्षकांनीं मुलांस बांधावर न्यावें. गोल बुंध्याचें झाड निवडावें. वडाच्या खांचांवरून सुतळी नुसती ताणली जाते, घेर खोटा येतो. छातीइतक्या उंचीवर सुतळी फिरवावी. नंतर दोन सरळ काठ्या बुंध्याच्या दोन अंगांस समांतर धरून मधलें अंतर मोजावें, तोच व्यास. घेरास त्यानें भागिलें म्हणजे तीनाहून थोडें अधिक येतें. मुलांचीं उत्तरें जुळणार नाहींत, कारण खोड कंपासानें काढलेलें नसतें. आडवा व उभा असे दोन व्यास घेऊन सरासरी काढावी, हें तेथेंच समजतें. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या लीलावतींत व्यवहारास २२/७ व सूक्ष्म हिशेबास ३९२७/१२५० दिले आहेत. बांधावर पहिला पुरे.

परीक्षेंत हें विचारीत नाहींत, असें एक शिक्षक आम्हांस म्हणाले. व्यापारी विचारतो, एवढेंच आम्हीं उत्तर दिलें.

ज्यांच्या शेतांत रीतसर परवानगीनें झाड तुटणार असेल, त्यांनीं एक दिवस आधीं शाळेंत निरोप धाडावा, आणि ओंडके गाडींत चढण्यापूर्वीं मुलांस त्यांचीं तोंडें मोजूं द्यावीं. त्या वेळीं व्यापारी हजर असला तर अधिक बरें.