जटपुरा गेट पाडा म्हणणाऱ्या आपल्याच पोरांना

ऊर्जानगरहून ऑटोने शहरात निघालो की आम्ही जटपुरा गेटपाशी हमखास अडकतो. पुढे ऑटो, मागे स्कूटर, मधे गोंड राजांची कमान. मग कुणीतरी म्हणतोच, "पाडून टाका हो हे, रस्ता तरी मोकळा होईल." असं म्हणणाऱ्यांत आपली पोरंही असतात, याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं. त्यांचं म्हणणं असं की राजे गेले, किल्ला गेला, आपला संबंध काय? आपली दीक्षाभूमी आहे, ती पुरे.

मित्रहो, एकदा ऑटोतून उतरून त्या कमानीकडे मान वर करून बघा. टोकदार कमान, घडीव दगड आणि दोन्ही अंगांना हत्तीवर झेपावलेला सिंह. ती गोंड राजवटीची मुद्रा आहे. खांडक्या बल्लाळशाहने 15 व्या शतकात या शहराचा पाया घातला. पुढच्या पिढ्यांनी इरई आणि झरपट या नद्यांच्या मधे सुमारे 11 किलोमीटरचा परकोट पुरा केला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. त्यातल्या एकीचं नाव मसण खिडकी; तिचं काम काय ते वेगळं सांगायला नको. 'गोंड म्हणजे जंगलातले लोक' एवढंच शिकून मोठ्या झालेल्यांना हा दगड रोज खोटं पाडतो. तो पाडायला निघणं म्हणजे आदिवासींच्या विरोधातला पुरावा स्वतःच्या हाताने तयार करून देणं.

1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतलं, 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. राजवाड्याचा तुरुंग झाला. त्याच तुरुंगात 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली गेली. गेट पाडा म्हणणाऱ्याला यातलं काय ठाऊक असतं?

पण किल्लाप्रेमींच्या आरतीतही आम्ही उभे राहणार नाही. ते ससा-कुत्र्याची दंतकथा सांगतात, राजाचे फोड कुंडाच्या पाण्याने बरे झाले हे सांगतात. अकरा किलोमीटरचा दगड कुणाच्या डोक्यावरून आला, हे त्यांच्या गोष्टीत येतच नाही. वेस म्हटली की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न आलाच. पश्चिम महाराष्ट्रात रात्रभर वेस राखणारा वेसकर महार असे आणि त्याचं घर मात्र वेशीबाहेर असे. आपल्या भागात कोतवालकी बहुधा महाराकडेच. गावाची राखण त्याने करायची आणि गावाने त्याला शिवायचं नाही! ही गुलामी बाबासाहेबांनी ओळखली होती, म्हणून तर 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचं विधेयक आणलं.

आता दीक्षाभूमीकडे बघा. नागपूरनंतर 16 ऑक्टोबर 1956 रोजी बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांच्या या शहरात धम्मदीक्षा झाली. ती जागा परकोटाच्या बाहेर आहे. आपल्या आज्यांनी तिथे वेशीच्या आत घ्या म्हणून कुणाला विनवलं नाही, वेशीचा हिशेबच नाकारला. हे समजायला आधी वेस उभी असावी लागते. वेसच नसेल तर पुढच्या पोराला नाकारलं काय ते दाखवणार कसं?

वाहतुकीचा त्रास खरा आहे. आम्हीही तो रोज भोगतो. त्यासाठी गाड्या वळवा, बाजूने वाट काढा, कमानीखालून फक्त पायी जाऊ द्या. दगडाला हात लावू नका.

दर ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक येतात, पुस्तकं घेतात, मूर्ती घेतात, भोजनदान करून परत जातात. यंदा आम्ही त्यातल्या पन्नास पोरांना तरी पायी जटपुरा गेटपर्यंत नेणार आहोत आणि तिथून तुरुंगाच्या भिंतीपर्यंत. गोंड समाजातल्या मित्रांनाही बोलावलं आहे. मुद्रेची गोष्ट ते सांगतील, वेसकराची आम्ही सांगू. ज्याला यायचं त्याने 16 तारखेला सकाळी दीक्षाभूमीच्या फाटकाशी यावं. जय भीम, जय सेवा.