लिथियमच्या ढगात कृष्णविवर?

‘प्रयोगशाळेत कृष्णविवर’ छापाचा मथळा दिसला की माझं डोकं फिरतं. मंडळी, तिथे कृष्णविवर नसतं. असतो लिथियमचा वायू, हवेपेक्षा लाखो पट विरळ आणि निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेला. चुंबकीय क्षेत्र नेमकं जुळवलं की त्यातले अणू क्वांटम नियमांनी शक्य तितक्या जोरात एकमेकांशी भिडतात. २००२ साली ड्यूक विद्यापीठात असा सिगारच्या आकाराचा ढग सापळ्यातून सोडला, तर तो लांबीच्या दिशेने जवळपास हललाच नाही, आडवा मात्र झपाट्याने फुगला. अगदी द्रवासारखा!

आता यात होलोग्राफी कुठून आली? १९९७ साली माल्दासेनाने मांडलं की एका विशिष्ट अवकाशातलं गुरुत्वाकर्षण आणि त्या अवकाशाच्या सीमेवरचा, एक मिती कमी असलेला क्वांटम सिद्धांत ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. एकीकडचं अशक्य गणित दुसरीकडे सोपं होतं. त्यातून कोव्हतुन, सोन आणि स्टारिनेट्स यांनी २००५ मध्ये अंदाज बांधला: कुठल्याही द्रवाची स्निग्धता भागिले एन्ट्रॉपीची घनता, योग्य एककांत, सुमारे ०.०८ च्या खाली जाणार नाही.

२०११ मध्ये लिथियमचं मोजमाप छापून आलं. आकडा त्याच्या अंदाजे पाचपट. पाण्यापेक्षा कितीतरी जवळ, कबूल. पण याला ‘स्ट्रिंग थिअरी सिद्ध झाली’ म्हणायचं? शिवाय २००८ मध्येच दाखवलं गेलं होतं की गुरुत्वाच्या समीकरणांत थोडी भर घातली तर कागदावर ती सीमा मोडते.

त्याच वर्षी सोन यांनी, आणि स्वतंत्रपणे बालसुब्रमण्यन आणि मॅकग्रीव्ही यांनी, या वायूचीच सममिती असलेली भूमिती रचली. काम देखणं आहे, वादच नाही. पण इंटरफेस जुळला म्हणून आतला कोडही तोच, हे तुमचा रिव्ह्यूअर चालवून घेईल का? माझा तरी नाही घेणार.

कण मोजून चालत नाही असा द्रव कसा वाहतो, याचं सोडवलेलं उदाहरण होलोग्राफीने दिलं. हे श्रेय तिचंच. पण शून्य तापमानाला या वायूची ऊर्जा, अणू एकमेकांशी न भिडणाऱ्या वायूच्या किती पट? एमआयटीत २०१२ मध्ये मोजली: ०.३७६. होलोग्राफीतून हा आकडा निघत नाही. गणिताने त्याच्या जवळ पोचायला संगणकावर मॉन्टे कार्लोचं दळणच दळावं लागलं. त्या दळणाचा मथळा कुणी छापत नाही.