तापीचे पाणी आणि वाढती वस्ती

वाढत्या लोकसंख्येला विज्ञान पुरे पडेल काय, हा प्रश्न वक्तृत्वस्पर्धेत वारंवार येतो, आणि त्याचे उत्तर बहुधा अणुशक्ती व चंद्र यांच्या साह्याने दिले जाते. कामरेजमध्ये राहणाऱ्याने इतके दूर जाण्याचे कारण नाही. तापी आपल्या उशाशीच आहे.

१७९८ साली माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले की, माणसे अन्नापेक्षा वेगाने वाढतात आणि अखेर दुष्काळ व रोगराई त्यांना आवर घालतात. त्याला रासायनिक खते व संकरित बियाणे ठाऊक नव्हते. आपल्या भागात आधी काकरापारचा बंधारा झाला, मग १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. पाटांना पाणी आले, ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले. सुरत शहराची वस्ती २००१ साली सुमारे २४ लक्ष होती, ती २०११ साली जवळजवळ ४५ लक्ष झाली. हद्दवाढ जमेस धरली तरी ही वाढ थोडी नव्हे. आणि तरीही शहर तहानेने ओस पडले नाही. तेव्हा माल्थसचे भय येथे खोटे ठरले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु जमेसमोर खर्चही आहे. उकाईच्या जलाशयाखाली शंभराहून अधिक खेडी गेली, बहुतेक आदिवासींची. धरणात प्रारंभी सुमारे ८५०० दशलक्ष घनमीटर पाणी मावत असे. गाळ साचून ती क्षमता ७४०० च्या आसपास आली आहे.

मग माणसेच कमी व्हावीत काय? सुरतेच्या गर्दीत धुळे, जळगाव, नंदुरबारहून पोटासाठी आलेली आपली मराठी कुटुंबेही आहेत. दुसऱ्यांची मुले ती लोकसंख्या आणि आपली ती लेकरे, हा न्याय मला पटत नाही. शिवाय ते भय आता पुष्कळसे शिळे झाले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांच्या वाट्याला हेटाळणी आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र भारतात दर स्त्रीमागे सरासरी दोनच मुले आढळली. गुजरातेत त्याहूनही किंचित कमी. ही घट केवळ औषधांनी व साधनांनी झाली नाही. मुलींची शाळा, लग्नाचे वाढलेले वय आणि झालेले मूल जगेल हा भरवसा यांचा वाटा त्यात मोठा आहे.

माझ्या मते खरी चिंता खाणाऱ्या तोंडांची नसून बेहिशेबी वापराची आहे. सुरत महानगरपालिकेने २०१४ पासून बमरोली येथे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्यातील कापडगिरण्यांना विकण्यास आरंभ केला. नवे पाणी कोठून आणले नाही. तेच दुसऱ्यांदा कामी लावले. भावी तंत्रज्ञान म्हणून मला हे चंद्रापेक्षा अधिक मोलाचे वाटते. उसासाठी ठिबकही आहे, त्याला सरकारी अनुदानही मिळते. पण पाटाला स्वस्त पाणी वाहत असता नळ्या अंथरण्याची घाई कोण करील? गिरण्यांनी शुद्ध केलेले सांडपाणी घेतले, कारण ते त्यांना परवडले. मळ्याला ठिबक केव्हा परवडेल, हे पाटाच्या पाण्याचा दर ठरवील. आणि तो दर कोणतेही यंत्र ठरवीत नाही.